बारा मेचा शुक्रवार

ठाकूरद्वारला आमच्या वाडीत शिरलं की उजव्या हाताला जिना लागतो आणि जिन्याच्या खाली नम्रता गमरेचं दुकान. दुकान म्हणायचं म्हणून. आत एक टेबल, एक खुर्ची, एक प्रिंटर आणि गिऱ्हाईकाला उभं राहायला दोन फरश्या. तिसरं माणूस आलं तर त्याने पाऊसपाणी, राजकारण वगैरे बाहेरूनच बोलायचं. जिन्यावरून कुणी धावत उतरलं की नम्रताच्या डोक्यावर धडधड होते, पण तिचा हात की-बोर्डवरून हलत नाही.

लग्न, मुंज, मंगलपरिणय, धम्मदीक्षा, बारसं, वास्तुशांत, दहावं-तेरावं, दुकानाचं उद्घाटन. गिरगावपासून काळाचौकीपर्यंत कुणाच्याही घरी काही घडलं की त्याची पत्रिका नम्रता जुळवते. छापायला ती बाहेर देते, पण अक्षरं तिची. अठरा वर्षांत तिच्या एकाही पत्रिकेत चूक निघाली नव्हती. हे ती स्वतः सांगायची नाही. फक्त कुणी दुसरीकडून छापून आणलेली पत्रिका दाखवली की ती पाच सेकंद बघायची आणि 'आशिर्वाद' या शब्दावर बोट ठेवून म्हणायची, "शी दीर्घ." बस्स.

हे तिला वडिलांकडून आलेलं. धम्मपाल गमरे परळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे उलटे जुळवण्यात उमर गेली, त्यामुळे आजही ते समोरच्याच्या हातातला पेपर उलट्या बाजूने सहज वाचतात आणि समोरच्याच्या आधी पान संपवतात. मुलीला त्यांनी एकच शिकवलं होतं, "प्रूफ वाचायचं नसतं, बघायचं असतं. वाचायला गेलीस की डोकं मध्ये येतं."

नम्रताचा लॅपटॉप सहा वर्षांचा. त्यातलं मराठीचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं. ते बनवणाऱ्या माणसाने धंदा बंद केला होता आणि सॉफ्टवेअर त्या एका लॅपटॉपखेरीज कुठे चालत नव्हतं. म्हणून नम्रता त्याला जपायची. त्याची मोठी बॅटरी केव्हाच मेली होती, वायर लावली तरच चालायचा. रात्री दुकान बंद करताना ती प्लग काढायचीच, कारण कागदाच्या दुकानात चालू प्लग ठेवायचा नाही, हा वडिलांचा दुसरा नियम.

मार्चपासून त्या लॅपटॉपने नवीन खोड काढली. सकाळी चालू केला की एक पीं वाजायचं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत तीन ओळी यायच्या. खाली लिहिलेलं असायचं, पुढे जायला एफ वन दाबा. नम्रता एफ वन दाबायची. लॅपटॉप चालू व्हायचा आणि कोपऱ्यात तारीख दाखवायचा, १ जानेवारी २०१७. मग ती तारीख बदलायची, वेळ लावायची, उदबत्ती लावावी तसं, आणि कामाला लागायची. दुनियेची अक्षरं तपासणाऱ्या या बाईने त्या तीन ओळी एकदाही वाचल्या नाहीत. दोन महिने तिने फक्त एफ वन वाचलं.

एप्रिलच्या शेवटी लालबागहून गणपत राणे आले. गणपतकाका आयुष्यभर एका हॉस्पिटलात लिफ्टमन होते, नुकतेच रिटायर झालेले. देह भरदार, आवाज त्याहून भरदार. बारा मेला त्यांची एकसष्टी होती, चाळीमागचा हॉल घेतला होता. पस्तीस वर्षं लिफ्टमध्ये काढल्यामुळे त्यांना एक सवय लागलेली, कुठेही गेले तरी भिंतीला पाठ टेकून उभे राहायचे. नम्रताच्या दुकानातही राहिले. त्या भिंतीवर कॅलेंडर होतं. ते अख्खं त्यांच्या पाठीमागे गेलं.

नेमका त्याच वेळी वायरमनने मीटरचं काहीतरी करायला मेन स्विच खाली केला. लॅपटॉप बंद. दहा मिनिटांनी वीज आली. पीं. एफ वन. गणपतकाका तोवर थांबले नव्हतेच, बोलत होते.

"लिही. निमंत्रक राणे परिवार. त्याच्याखाली पहिलं नाव थोरल्या भावाचं. नाही, थांब. आधी मामांचं. गुणाजी सावंत, मुक्काम कणकवली. मामांचं खाली आलं तर मामा येणार नाहीत."

"काका, बारा मेला वार कुठला?"

"वार तूच बघ ना, तुझ्यासमोर कम्प्युटर आहे एवढा!"

नम्रताने कोपऱ्यातल्या तारखेवर क्लिक केलं, पानं पुढे ढकलत मे महिना काढला, बाराखाली बघितलं आणि टाइप केलं, 'शुक्रवार, दि. १२ मे'. शुक्रवार ठळक आणि मोठा, कारण काकांना सगळंच ठळक आणि मोठं हवं होतं. दुपारी प्रूफ निघालं. गणपतकाकांनी चष्मा लावून पंधरा मिनिटं नावांचा क्रम तपासला, मामांचं नाव भावाच्या वर आहे याची बोटाने मापून खात्री केली आणि खाली झोकात सही ठोकली. पत्रिका छापून गेल्या.

शुक्रवारी, दहा मेच्या सकाळी नम्रता दुकान उघडत होती तेवढ्यात फोन आला.

"नम्रता! काय केलंस गो तू हे? माझ्या दारात अकरा माणसं उभी आहेत!"

"कसली माणसं, काका?"

"एकसष्टीची! कणकवलीची! गुणाजीमामा, भजनाची पार्टी, पखवाजासकट! आणि मी डोक्याला कलप लावून बसलोय!"

झालं होतं असं. मुंबईतल्या लोकांना काकांनी तोंडी सांगितलेलं, 'रविवारी या'. गावाला मात्र पत्रिकेचा फोटो पाठवलेला. फोटोत तारखेचे आकडे फिसकटलेले आणि शुक्रवार मात्र वरच्या मजल्यावरून वाचता येईल असा. ऐंशी वर्षांच्या गुणाजीमामांनी तो वाचला आणि माणसं गोळा करून रातोरात बस पकडली.

नम्रताने शटर पुन्हा खाली ओढलं आणि ती टॅक्सीत बसली. लालबागला जाईपर्यंत तिने मोबाइलमधली ती पत्रिका चाळीस वेळा बघितली. शुक्रवार. बारा मे. मोबाइलचं कॅलेंडर म्हणत होतं, रविवार. आपण शुक्रवार कुठून आणला, हे तिला काही केल्या आठवेना. अठरा वर्षं आणि एक शुक्रवार.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत अकरा माणसं रांगेने बसली होती. मधोमध एक फणस, त्याला टेकून पखवाज. गणपतकाका बनियनवर, डोक्याला काळा लेप, कपाळावर एक ओघळ. त्यांची बायको मीराबाई आतबाहेर करत चहा वाटत होती आणि प्रत्येक फेरीला नवऱ्याला म्हणत होती, "आधी डोकं धुवा."

"माझी चूक आहे, काका," नम्रता दारातूनच म्हणाली. "वार मी टाकला. कसा टाकला ते मला कळत नाहीये, पण टाकला मीच."

"अगं, पण अठरा वर्षं तुझ्याकडे येतोय मी! तुझ्या बापाने माझ्या लग्नाची पत्रिका जुळवली होती! त्यात एक काना इकडचा तिकडे नव्हता!"

नम्रताचे डोळे भरले. तेवढ्यात मीराबाईने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"प्रूफवर सही कुणाची होती?"

गणपतकाकांनी कपाळावरचा ओघळ पुसला.

"विचारतेय मी. सही कुणाची?"

"ती... मी नावं बघत होतो."

"मग? नावं बरोबर आहेत ना? बसा आता नावं वाचत. आणि डोकं धुवा."

गुणाजीमामा इतका वेळ काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, "आमी शुक्रवार वाचलो, शुक्रवारी इलंव. आमचा काय चुकला? रविवारी परत एकदा करा. आमी खंय जातंव? फणस पण रविवारपर्यंत पिकात."

प्रश्न मामांच्या बाजूने मिटला होता. मीराबाईने शेजारच्या चार घरांत निरोप धाडले. कुणाकडून पोळ्या आल्या, कुणाकडून सुकटीची चटणी, वरच्या मजल्यावरून मोठं पातेलं. नम्रताने पदर खोचला आणि ती कांदे चिरायला बसली. काहीतरी करायला मिळालं म्हणून तिला बरं वाटलं, आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याच्या नावावर खपलं. संध्याकाळी गॅलरीत भजन झालं. काकांचं डोकं कुळकुळीत काळं झालं होतं, कान थोडे जास्तच. टाळ वाजायला लागल्यावर ते भिंतीला पाठ टेकून उभे राहिले आणि पहिल्याच अभंगाला रडले. हॉलमध्ये नऊ वाजता माइक बंद करावा लागतो, गॅलरीत कोण विचारतो? गुणाजीमामांनी अकरापर्यंत पखवाज्याला सोडलं नाही.

नम्रता त्याआधीच घरी आली. धम्मपालराव पेपर वाचत होते, सरळ. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, तुमच्या हातून असं कधीच झालं नसतं."

म्हाताऱ्याने पेपर घडी केला.

"पंच्याऐंशी साल," ते म्हणाले. "एका सत्काराची पत्रिका होती. नेहमी लागणारे शब्द आम्ही जुळवून दोऱ्याने बांधून ठेवायचो, वेळ वाचायला. मला घ्यायचं होतं, 'लालबागचे जुने रहिवासी'. मी शेजारचा गठ्ठा उचलला. छापलं गेलं, 'लालबागचे जुने स्वर्गवासी'."

"काय सांगता!"

"तक्रार करायला ते स्वतः आले होते. चालत."

नम्रता इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने विचारलं, "हे कधी सांगितलं नाहीत मला?"

"तू एवढी छान भीत होतीस मला," धम्मपालराव म्हणाले. "कशाला मोडायचं? ते जाऊ दे. शुक्रवार आला कुठून, ते शोध. माणूस सहज चुकत नाही. कुठला तरी गठ्ठा चुकीच्या जागी ठेवलेला असतो."

शनिवारी सकाळी नम्रताने लॅपटॉप चालू केला. पीं झालं आणि या वेळी तिने एफ वन दाबला नाही. ती पडद्यासमोर बसली आणि त्या तीन ओळी प्रूफ बघावं तशा बघितल्या. तारीख आणि वेळ लावलेली नाही. सीमॉस बॅटरी कमी आहे. पुढे जायला एफ वन. मग तिने एफ वन दाबून कॅलेंडर उघडलं, मे महिन्यावर गेली आणि बाराखाली बघितलं. शुक्रवार. मग नजर वर नेली. मे २०१७. त्या दिवशी वीज परत आल्यावर काकांच्या बोलण्यात तारीख बदलायची राहूनच गेली होती.

"सापडला गठ्ठा," ती स्वतःशीच म्हणाली.

लॅपटॉप घेऊन ती लॅमिंग्टन रोडला रामदासकडे गेली. रामदासचा दुरुस्तीचा गाळा तिच्या दुकानाहूनही लहान आहे, पण आत्मविश्वास त्यात मावत नाही. त्याने लॅपटॉप उघडलाही नाही, नुसता हातात तोलला.

"मदरबोर्ड गेला, ताई. नवीन घ्या. फार तर फॉरमॅट मारून बघू."

"पण पडद्यावर बॅटरी लिहून येतंय."

"पडदा काय, काहीपण लिहितो."

नम्रताला हे पटणं शक्य नव्हतं. लिहिलेल्यावर तिचं घर चालत होतं. फॉरमॅट मारला असता तर मराठीही गेली असती. ती लॅपटॉप उचलून परत आली आणि तिने स्वतः शोधायचं ठरवलं. आधी लॅपटॉप नीट बंद केला, पण प्लग तसाच ठेवला. अर्ध्या तासाने चालू केला. पीं नाही, तारीख जागच्या जागी. मग बंद करून प्लग काढला आणि दहा मिनिटं थांबली. चालू केला. पीं. एक जानेवारी २०१७.

म्हणजे डोकं शाबूत होतं. वीज असेपर्यंत त्याला तारीख आठवत होती, वीज गेली की विसरत होता. आत कुठेतरी एक छोटी बॅटरी असते, लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी, हे तिने मोबाइलवर वाचून काढलं. मोठी बॅटरी मेलेली आणि रात्री प्लग काढलेला, म्हणजे रोज रात्रभर सगळा भार त्या छोटीवर. ती सहा वर्षं झिजून संपली होती.

मग तिने शटर आतून ओढून घेतलं. प्लग काढला, मोठी बॅटरी काढली, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, आत उरलीसुरली वीज असेल तर जावी म्हणून. एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या मागे तिने लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि एकेक स्क्रू काढून त्याच्या त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवला. बारा स्क्रू. दोन लांब, दहा आखूड. झाकण उचकटायला धातूचं काही घालायची तिची छाती झाली नाही. तिने सर्वात जाड पत्रिकेचा कोपरा फटीत घातला आणि हळूहळू फिरवला. टक, टक, टक करत झाकण सुटलं.

आत धूळ होती आणि एक मेलेलं झुरळ होतं, ज्याने बहुतेक अक्षता खाल्ल्या होत्या. त्याच्या शेजारी काळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टणात रुपयाएवढी गोल गोष्ट. तिला एक लाल आणि एक काळी वायर, टोकाला तांदळाएवढा पांढरा प्लग. नम्रताने चिमट्याने तो प्लग सरळ ओढला. वायर न ओढता. काही फुटलं नाही. जिन्यावरून कुणीतरी धावत गेलं, तेवढीच धडधड.

ती छोटी बॅटरी रुमालात बांधून ती पुन्हा रामदासकडे गेली. त्याने ती मीटरला लावली. काटा नव्हता, आकडे होते. ०.९ व्होल्ट.

"किती पाहिजे?" नम्रताने विचारलं.

"तीन," रामदास म्हणाला. "ताई, उघडला कुणी?"

"मी."

"स्क्रू सगळे आहेत?"

नम्रताने पर्समधून ती पत्रिका काढून त्याच्यापुढे धरली. बारा स्क्रू, आपापल्या जागी. रामदासने ती बराच वेळ बघितली. त्याच्याकडे स्क्रूचा एक डबा होता ज्यात गेल्या दहा वर्षांतले सगळे लॅपटॉप एकत्र नांदत होते. मग त्याने आतून तशीच वायरवाली नवीन बॅटरी काढली, मीटरला लावून दाखवली आणि म्हणाला, "नुसता सेल घेऊन चिकटपट्टीने वायर जोडू नका हां. लोक तसं करतात, आठवड्यात सुटते." एवढ्यावर त्याने आपल्या बाजूने माफी मागितली असं नम्रताने धरलं.

दुकानात येऊन तिने नवीन प्लग बसवला, झाकण दाबलं, स्क्रू लावले. चालू केला. पीं झालं, कारण तारीख अजून कुणी सांगितलीच नव्हती. या वेळी ती सेटिंगच्या निळ्या पानावर गेली, टाइप केलं ११, मग ०५, मग वर्ष. सेव्ह. लॅपटॉप उघडला. नम्रताने विजयाने वडिलांना फोन लावला.

"झाला, बाबा! आपण केला! स्वतः!"

"तारीख काय म्हणतोय?"

तिने कोपऱ्यात बघितलं. ५ नोव्हेंबर. दिवाळीसुद्धा होऊन गेली होती.

"बाबा, हा पुढे गेला आता!"

ती पुन्हा निळ्या पानावर गेली. नीट बघितलं. त्या पानाला महिना आधी आणि दिवस नंतर हवा होता, अमेरिकेची पद्धत. तिने ०५ आधी टाकला, ११ नंतर. उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी वार जुळवला. मोबाइलशी जुळवला. बाहेरून चाललेल्या दूधवाल्याला विचारलं, "भाऊ, आज शनिवार ना?" तो म्हणाला, "अख्खा दिवस." मग तिने लॅपटॉप बंद केला, प्लग काढला, घड्याळ लावून अर्धा तास खुर्चीवर बसून राहिली आणि परत चालू केला. आवाज नाही, ओळी नाहीत. शनिवार, ११ मे, चार वाजून दहा मिनिटं.

रविवारी हॉलमध्ये एकसष्ट दिव्यांनी गणपतकाकांना ओवाळलं. धम्मपालराव खास आले होते. काकांनी माइक हातात घेतला आणि सगळ्यांदेखत नम्रताला पुढे बोलावलं. तिला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं.

"पस्तीस वर्षं मी लोकांना वर-खाली केलं," काका म्हणाले. "माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. ही माझी माणसं दोन दिवस आधी आली आणि तीन दिवस राहिली. एरवी जेवली की निघाली असती. मामांशी मी वीस वर्षांत एवढं बोललो नव्हतो. नम्रता, चूक चूकच आहे. पण शुक्रवार झकास झाला."

मीराबाई खालूनच म्हणाली, "पातेली मी घासली." हॉल हसला. माइक बरोबर नऊला बंद झाला.

गोष्ट वाडीत पसरायला सोमवार पुरला. मंगळवारी तळमजल्यावरच्या अक्षताने आपला लॅपटॉप आणून दिला, त्यालाही पीं होत होतं. नम्रताने तो उघडला, स्क्रू पत्रिकेवर चिकटवले, बॅटरी बदलली. जूनपर्यंत असे चार झाले. पाचवा माणूस मिक्सर घेऊन आला, त्याला तिने रामदासकडे पाठवलं. रामदासही आता मराठी टायपिंगवाले तिच्याकडे पाठवतो. 'तिथे दोन मिनिटं जास्त लागतील' असं आधीच सांगून पाठवतो, कारण वार विचारला की नम्रता उठते, भिंतीपाशी उभ्या माणसाला बाजूला सारते आणि तीन ठिकाणी बघून आल्याशिवाय लिहीत नाही.

काल मी गेलो तेव्हा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले होते. नवरदेवाच्या नावापुढे शिक्षण लिहायचं की नोकरी, यावर त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं जुंपलं होतं. बायको बाहेर पायरीवर, नवरा आत. नम्रता दोघांचं ऐकत शांत बसली होती, बोटं की-बोर्डवर तयार.

"दोन्ही लिहू?" तिने विचारलं.

"जागा पुरेल?"

"पुरते," ती म्हणाली. "पुरवायची असते." आणि टाइप करायला लागली.